देठासकट

फेब्रुवारीत पेरल्या, दह्याच्या रिकाम्या डब्यांत,
बॉयलरच्या कपाटात, टॉवेलांच्या घडीवर.
गारगोटीच्या कुमुदआत्याची लवंगी:
कॅलेंडरच्या पानाची पुडी, पानावर मागल्या वर्षीची संकष्टी
आणि कडेला पेन्सिलीने, उतावीळ होऊ नकोस.
मी दिवसातून चारदा कपाट उघडत होते.
एकविसाव्या दिवशी एक कोंब,
डोक्यावर बियाचं टरफल, तिरप्या टोपीसारखं.
बाकीचे मागाहून. दोन आलेच नाहीत.

ग्रिम्सबीत उन्हाळा खिडकीच्या एका काचेएवढा.
जूनमध्येसुद्धा समुद्रावरून धुकं येतं
आणि वाळत घातलेल्या चादरींना हात पुसून जातं.
म्हणून कुंड्या उचलत राहिले ऊन जाईल तिकडे,
सकाळी जिन्यात, दुपारी न्हाणीच्या खिडकीत,
संध्याकाळी टीव्हीपुढे,
म्हणजे शाल्मलीच्या शिव्या.
फुलं आली, पांढरी, खाली बघणारी.
घरात ना वारा ना मधमाशी.
तिच्याच रंगपेटीतला दोन नंबरचा ब्रश घेतला
आणि या फुलाचं पिवळं त्या फुलाला टेकवत फिरले.
लग्नं लावतेस का, तिने विचारलं.
म्हटलं, हो. मानपान नाही, रुसवे नाहीत.

कुंपणापलीकडे नॉर्मन.
चाळीस वर्षं गोदीवर माशांना धुरी दिली त्याने.
त्याच्या कोटाला अजून तो वास येतो,
त्याला येत नाही.
दोन हिवाळ्यांपूर्वीच्या तापात वास गेला, मागोमाग चव.
चहा म्हणजे गरम, म्हणाला, आइस्क्रीम म्हणजे गार,
मधलं सगळं पुठ्ठा.
बायको गेल्यावर काढून टाकलेलं शॉवरचं दार
त्याने फळ्यांच्या चौकटीवर बसवून दिलं, माझ्या रोपांसाठी.
टॉवेल अडकवायची दांडी तशीच राहिली.
सकाळी काचेला आतून घाम, आणि दांडीला टेकून
बारा रोपं, आंघोळीला रांग लावल्यासारखी.

ऑगस्टच्या शेवटी लागल्या.
बोटाच्या पेराएवढ्या, आभाळाकडे नाक करून.
मला एक दे, नॉर्मन म्हणाला.
मी अर्धी तोडून दिली.
त्याने उरलेलीही मागून घेतली
आणि पावाचा तुकडा चावावा तशी, सावकाश.

आधी काही नाही.
छपरावर एक समुद्रपक्षी ओरडला.
मग त्याचे कान लाल झाले, मग मान,
मग तो उपड्या बादलीवर बसला.
मी दुधाला धावले, तर तळहात वर करून
थांब म्हणाला, थांब जरा.
नाक वाहत होतं, डोळे वाहत होते,
आणि तो हसत होता की काय कळेना.
आहे, म्हणाला. तिथे कुणीतरी आहे.

नंतर शाल्मलीने शाळेतून आणलं ज्ञान,
की तिखट ही चवच नव्हे,
जिभेला वाटतं आपण भाजलो, एवढंच.
मी पोळी लाटत होते. लाटणं थांबलं माझं.
इतकी वर्षं मी जेवणात वाढत आले ते
खोटं भाजणं.

नोव्हेंबरच्या पहिल्या कडक थंडीत पानं काळी पडली.
हिरव्या उरल्या त्या काढल्या,
तव्यावर लसूण आणि मीठ,
वाटीच्या बुडाने रगडला ठेचा,
तर धुराचा गजर कोकलला, गल्लीभर.
दारं उघडी टाकून आम्ही दोघी अंगणात, खोकत.

रात्री आत्याचा फोन.
अगं, मिरच्या लागल्या बरं का.
झाडाला, तिने विचारलं, की कुणाला?
सांगायचं होतं सगळं, पण तिच्याकडे कुकरची शिट्टी झाली
आणि तिने ठेवून दिला.

पिकून लाल झालेल्या सहा बियांना ठेवल्यात.
एक पुडी नॉर्मनची,
मासेवाल्याच्या कॅलेंडरचं पान, पेन्सिल शोधते आहे.

भिंतीवर पलीकडून दोनदा टकटक.
गुरुवार आहे.
मी बशीत एक ठेवते, देठासकट.